हायड्रेट वितळलं तर पायाला नेमका धोका कुठे?

प्रश्न ऐरोलीच्या डिझाइन ऑफिसात काम करणाऱ्या एका जिओटेक्निकल इंजिनिअरचा आहे. आजवरचा अनुभव ठाणे खाडीच्या गाळातला, पुलांच्या आणि जेटींच्या पाइल्सचा. आता टेबलावर कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या, हजार मीटर पाण्यातल्या कामाचा सॉइल रिपोर्ट आलाय आणि त्यात ‘गॅस हायड्रेट असण्याची शक्यता’ एवढं एकच वाक्य आहे. (गॅस हायड्रेट म्हणजे वायू कोंडलेला, बर्फासारखा घन पदार्थ.) हायड्रेट वितळलं तर कंडक्टर (विहिरीची सर्वात बाहेरची नळी), सक्शन पाइल (आतलं पाणी उपसून तळात शिरवलेला पोकळ पाइल), मडमॅट (तळावर टेकवलेला सपाट पाया) यांचं काय होतं, डिझाइनमध्ये काय धरायचं, आणि मुंबई हायच्या प्लॅटफॉर्मनाही हीच भीती आहे का?

शेवटचा भाग आधी, कारण तो दोन ओळींत संपतो. मुंबई हायला पाणी ७०-८० मीटर, म्हणजे तळावर दाब जेमतेम ०.८ मेगापास्कल, आणि तळाचं पाणी कोमट. २५ अंशांना मिथेन हायड्रेट टिकायला चाळीसेक मेगापास्कल लागतात. तिथे हायड्रेट नाही, होऊच शकत नाही. तिथली डोकेदुखी वेगळी: उथळ वायूचे कप्पे आणि शंख-शिंपल्यांच्या चुऱ्याची कॅल्केरिअस वाळू, जिच्यात पाइलला घर्षण मिळत नाही.

ओहोटीला ऐरोली-कोपरखैरणेच्या बाजूला खाडीच्या चिखलात काठी खुपसली की बुडबुडे येतात. त्यातही मुख्यतः मिथेनच असतो, कुजलेल्या सेंद्रिय गाळातून जिवाणूंनी तयार केलेला. कृष्णा-गोदावरीच्या हायड्रेटमधला वायूही बहुतांशी याच घराण्यातला. फरक फक्त दाबाचा आणि थंडीचा. पाण्याच्या रेणूंचे पिंजरे, प्रत्येक पिंजऱ्यात एखादा मिथेनचा रेणू, आणि सगळं मिळून बर्फासारखा पांढरा घन पदार्थ. आपल्या समुद्रात ही परिस्थिती साधारण ७०० मीटर पाण्याच्या पुढेच जुळते.

‘वितळणं’ हा शब्द सोयीचा आहे, पण फसवाही आहे. करंजाच्या धक्क्यावर मासळीवरचा बर्फ वितळतो तेव्हा आकारमान घटतं. हायड्रेटचं उलट. त्याचा एक घनमीटर फुटला की ०.८ घनमीटर पाणी आणि वातावरणाच्या दाबाला सुमारे १६४ घनमीटर वायू सुटतो. हा १६४ चा आकडा ऐकून लोक घाबरतात, पण समुद्रतळाखाली वातावरणाचा दाब नसतो. म्हणून आकडे त्या जागेवरचे काढू.

पाणी १००० मीटर. तळावर दाब सुमारे १०.०५ मेगापास्कल, तापमान ६.५ अंश. खाली जाताना तापमान किलोमीटरला ४५ अंशांनी वाढतं असं धरा; कृष्णा-गोदावरीसाठी हा आकडा अवास्तव नाही. तळाखाली १०० मीटरवर तापमान ११ अंश, छिद्रांतल्या पाण्याचा दाब ११.०६ मेगापास्कल. या दाबाला खाऱ्या पाण्यात हायड्रेट साधारण १३ अंशांपर्यंत टिकतं. म्हणजे हातात फक्त दोन अंश. आणखी ६० मीटर खाली गेलं की तेही संपतात. स्थैर्यपट्ट्याचा, म्हणजे हायड्रेट टिकू शकतं त्या थराचा, तळ तिथेच, १६० मीटरच्या आसपास येतो.

आता त्या १०० मीटरवरच्या चिकणमातीचा एक घनमीटर घ्या. सच्छिद्रता ६० टक्के, त्यातली २० टक्के जागा हायड्रेटने भरलेली, म्हणजे ०.१२ घनमीटर हायड्रेट. तो पूर्ण फुटला तर त्या दाबाला सुमारे ०.१५ घनमीटर वायू आणि जवळपास ०.१० घनमीटर पाणी. जिथे ०.१२ होतं तिथे ०.२५ बसवायचंय. वाळू असेल तर जास्तीचं वाट काढून निघून जातं. चिकणमातीत वाट नाही, म्हणून छिद्रदाब चढतो. खाडीच्या गाळावर भराव टाकल्यावर होतं तेच हे, फक्त दाब वरून नाही, आतून येतो, आणि खाली कोणी व्हर्टिकल ड्रेन टाकलेले नसतात.

किती चढला की माती हातची जाते? मातीचं वजन १६ किलोन्यूटन प्रति घनमीटर धरलं तर १०० मीटरवर एकूण भार ११.६५ मेगापास्कल. छिद्रदाब वजा केला की इफेक्टिव्ह स्ट्रेस (मातीच्या कणांनी पेललेला ताण) उरतो ०.६ मेगापास्कल. म्हणजे छिद्रदाब ११.०६ वरून ११.६५ वर गेला की माती स्वतःच्या वजनाने उभी राहत नाही. हायड्रेटच्या समतोल-रेषेवर (कोणत्या दाबाला ते किती तापमानापर्यंत टिकतं ती रेषा) या दोन दाबांमधलं अंतर आहे फक्त अर्ध्या अंशाच्या आसपास. फुटायला लागल्यानंतर, निचरा अजिबात नसेल तर, अर्धा अंश आणखी तापलं की पुरे. प्रत्यक्षात निचरा शून्य नसतो, वायू दाबला जातो, मातीला भेगा पडतात आणि दाब उतरतो, त्यामुळे हे टोकाचं गणित आहे. पण ‘दोन-तीन अंशांनी काय फरक पडतो’ असं मीटिंगमध्ये कोणी म्हणालं, तर हे गणित कागदावर मांडून दाखवावं.

एक गोष्ट आपल्या बाजूने आहे. हायड्रेट फुटताना उष्णता खातं, किलोला ४३० किलोज्यूलच्या घरात, म्हणजे साध्या बर्फापेक्षाही जास्त. वरच्या उदाहरणातल्या एका घनमीटर मातीतलं हायड्रेट फोडायला लागणारी उष्णता तीच माती १३ अंशांनी तापवायला पुरेल इतकी आहे. म्हणून वितळण्याची रेषा सावकाश सरकते. तळाचं पाणी तापलं तरी १०० मीटर खालपर्यंत उष्णता झिरपायला शेकडो वर्षं लागतात. त्यामुळे २०-२५ वर्षांच्या प्रकल्पासाठी हवामानबदल हे पायाच्या डिझाइनचं कारण माझ्या मते नाही. अपवाद स्थैर्यपट्टा जिथे वरच्या उतारावर निमुळता होऊन संपतो त्या कडेचा. तिथे मुळातच काही शिल्लक नसतं.

नॉर्वेच्या किनाऱ्याजवळची स्टोरेगा दरड या विषयावर बोलताना कोणी ना कोणी पुढे करतंच. सुमारे ८१५० वर्षांपूर्वीची ही प्रचंड पाणबुडी दरड बराच काळ हायड्रेटच्या नावावर खपवली जायची. त्याच दरडीच्या खोबणीत ऑर्मेन लांगे वायूक्षेत्र विकसित करायचं ठरलं, तेव्हा तिचा कसून अभ्यास झाला. निष्कर्ष असा की हिमयुगात भराभर साचलेल्या गाळामुळे वाढलेला छिद्रदाब आणि त्यावर भूकंपाचा धक्का, हे मूळ कारण. हायड्रेट असलंच तर साथीदार.

मग धोका कुठून? आपणच खाली नेलेल्या गरम नळीतून. उत्पादन विहिरीतून ६०-८० अंशांचा प्रवाह वर्षानुवर्षं वाहतो, आणि ती नळी नेमकी या दोन अंशांच्या पट्ट्यातून जाते. ढोबळ हातगणित करा: ३६ इंची कंडक्टर, भिंतीला ७० अंश, मातीची उष्णतावाहकता १.१ वॅट प्रति मीटर-अंश, बाकी माती वरचीच. पहिल्या दोनेक वर्षांत वितळलेला घेर पाचेक मीटर त्रिज्येचा होतो, २० वर्षांत १२ ते १५ मीटर. खऱ्या विहिरीत मधल्या केसिंगमुळे (आतल्या पोलादी नळ्यांमुळे) कंडक्टरची भिंत इतकी तापत नाही, त्यामुळे हा आकडा वरची मर्यादा समजा. पण एका टेम्प्लेटवर (विहिरींच्या सामाईक चौकटीवर) १५-२० मीटर अंतराने सहा-आठ विहिरी असतील, तर हे घेर एकमेकांना भिडतात. मग वितळलेला खांब राहत नाही, वितळलेली थाळी होते, आणि तिच्यावर सगळं मॅनिफोल्ड (विहिरींचे प्रवाह एकत्र करणारा नळ्यांचा संच) बसलेलं असतं. एकेका विहिरीचं गणित करून ‘सुरक्षित’ लिहिणारे इथेच चुकतात.

कंडक्टर हाच खरा नाजूक भाग. खोल पाण्यातल्या मऊ चिकणमातीत तो ७० ते ९० मीटरपर्यंत जेट करून (पाण्याच्या झोताने माती सारत) उतरवतात. कृष्णा-गोदावरीत २००६ सालच्या राष्ट्रीय गॅस हायड्रेट मोहिमेत एनजीएचपी-०१-१० या जागी हायड्रेट तळाखाली २५-३० मीटरपासून थेट स्थैर्यपट्ट्याच्या तळापर्यंत, म्हणजे सव्वाशे मीटरहून जाड थरात सापडलं. तशा जागी कंडक्टरची खालची अर्ध्याहून जास्त लांबी हायड्रेटच्या मातीत असते. ती माती वितळली की दोन गोष्टी एकदम होतात. पकड सुटते, म्हणजे अक्षीय भार आतल्या केसिंगवर जातो. आणि वायू निघून गेल्यावर माती खचते, तेव्हा तीच माती कंडक्टरला खाली ओढते. हे तुमच्या ओळखीचं आहे: उलव्याच्या किंवा नेरूळच्या भरावाखालच्या गाळात पाइलवर जे निगेटिव्ह स्किन फ्रिक्शन धरता, तेच. फरक इतकाच, की तिथे पाइलच्या टोकाखाली बसाल्ट असतो. इथे टोकाखाली काहीच नाही.

तिसरी गोष्ट आडव्या आधाराची. वेलहेडवर (विहिरीच्या तोंडावर) शेकडो टनांचा बीओपी (विहीर बंद करणारा झडपांचा संच) आणि वरून रायझरची (जहाजापर्यंत जाणाऱ्या नळीची) हालचाल. वाकवणारा मोमेंट बहुतेक वरच्या १०-१५ मीटरमध्ये पेलला जातो, आणि तिथे सहसा हायड्रेट नसतं. पण म्हणून ‘आडव्या आधाराला धोका नाही’ हे म्हणणं अर्धंच खरं आहे. खालून सुटलेला वायू कंडक्टरच्या भिंतीला धरून वर येतो आणि वरच्या मातीलाही भुसभुशीत करतो. पी-वाय वक्र (मातीचा आडवा प्रतिकार विरुद्ध हालचाल) कमी केलेल्या ताकदीने पुन्हा काढा, आणि वेलहेडचं फटीग (वारंवार वाकून येणारा थकवा) दोन्ही वक्रांनी तपासा. कधी मऊ माती वाईट ठरते, कधी कडक. आधी सांगता येत नाही.

सक्शन पाइलबद्दल मात्र लोक उगाच घाबरतात. पाच-सहा मीटर व्यासाचा, २०-२५ मीटर लांबीचा पाइल बहुतेक जागी हायड्रेटच्या वरच राहतो. बसवताना आतला दाब कमी करतो त्याने हायड्रेट फुटेल का, हा हमखास प्रश्न. नाही. ३०० किलोपास्कल सक्शन म्हणजे १० मेगापास्कलच्या तीन टक्के. समतोल तापमान त्याने जेमतेम ०.३ अंश खाली येतं, आणि तळालगत हातात साडेपाच अंश असतात. सक्शन पाइलचं खरं संकट यांत्रिक आहे: तळाशी वायूचे झरे असतील तिथे हायड्रेटच्या गाठी उथळ असतात, पाइलची कड त्यावर अडते, एका बाजूने शिरते, आणि पाइल कलतो. शिवाय झऱ्यातला वायू वरच्या झाकणाखाली साठतो आणि तिथेच पुन्हा हायड्रेट होतो. २०१० च्या मे महिन्यात मेक्सिकोच्या आखातात, डीपवॉटर होरायझनच्या गळतीवर सुमारे १५०० मीटर पाण्यात शंभर टनांच्या आसपासची लोखंडी पेटी उतरवली होती, ती अशीच फसली. आत हायड्रेटचा गाळ साचून तोंड बुजलं आणि पेटी तरंगायला लागली. झऱ्यापासून दूर जागा निवडणं हाच सक्शन पाइलवरचा उपाय.

मडमॅटचा हिशोब वेगळा. पाइपलाइन-टोकाच्या मडमॅटखाली हायड्रेट असण्याची शक्यता कमी, पण गरम फ्लोलाइन (विहिरीचा प्रवाह नेणारी तळावरची नळी) त्यावर २० वर्षं पडून राहते. उथळ हायड्रेट असलेल्या पट्ट्यात असमान खचणं धरा आणि जंपरला (छोट्या जोडनळीला) तेवढी हालचाल सोसता येईल असं बघा. यापलीकडे त्यात फार काही नाही.

आता ड्रिलिंगच्या वेळचं. यात चुका जास्त होतात, कारण सगळं घाईत चालतं. बंगालच्या उपसागरात पृष्ठभागाचं पाणी २८-२९ अंश असतं. वरची भोकं रायझरशिवाय, समुद्राचंच पाणी पंप करून खणतात. खाली जाताना ते थंड होतं, पण मोठ्या प्रवाहाला थंड व्हायला तेवढा वेळ मिळत नाही. त्यामुळे हायड्रेटच्या पट्ट्यात भोक जितका कमी काळ उघडं राहील तितकं बरं. मडमध्ये मीठ किंवा ग्लायकॉल घालण्याचा मोह आवरा. बीओपीत हायड्रेट होऊ नये म्हणून ते बरोबर आहे, पण भोकाच्या भिंतीतलं हायड्रेट त्यानेच फुटतं. १० टक्के मीठ समतोल तापमान पाचेक अंशांनी खाली खेचतं. हातात दोन अंश असताना हे परवडत नाही.

त्याहून वाईट सिमेंट. सिमेंट घट्ट होताना दहा-वीस अंश सहज तापतं, तेही नेमकं भिंतीला चिकटून. आजूबाजूचं हायड्रेट फुटतं, वायू ओल्या सिमेंटमध्ये शिरतो आणि जाताना नळ्या करून जातो. या नळ्या पुढे २० वर्षं वायूचा जिना बनतात. म्हणून कमी उष्णतेचं सिमेंट, शक्यतो फोम केलेलं, आणि जेल होण्याचा काळ छोटा. सिमेंटच्या टेस्ट रिपोर्टवर चाचणीचं तापमान वाचा. २७ अंशांना केलेली ताकदीची चाचणी १० अंशांच्या विहिरीसाठी निरुपयोगी आहे. थंडीत सिमेंट किती तासांनी धरेल हेच तर कळायला हवं.

उत्पादन सुरू झाल्यावरचा सर्वात खात्रीचा उपाय म्हणजे उष्णता बाहेर जाऊच न देणं: निर्वात-आवरणाची ट्युबिंग (उत्पादनाची सर्वात आतली नळी), निदान हायड्रेट पट्ट्यापुरती, किंवा अॅन्युलसमध्ये (दोन नळ्यांमधल्या फटीत) जेल झालेला उष्णतारोधक द्रव. महाग आहे. त्यामुळे कॉस्ट कटिंगच्या बैठकीत पहिला बळी तिचाच जातो. विहिरी लांब लांब ठेवणं हा दुसरा उपाय, आणि तो कागदावर असतानाच फुकट असतो.

रिपोर्टमधल्या त्या एका वाक्याकडे येऊ. ‘हायड्रेट शक्य’ यावर डिझाइन होत नाही, आणि ‘बीएसआर दिसला नाही, म्हणून हायड्रेट नाही’ हे वाक्य तर स्वीकारूच नका. बीएसआर म्हणजे सेस्मिक रेषेवर समुद्रतळाला समांतर दिसणारं ते प्रतिबिंब. ते उमटतं मुख्यतः हायड्रेटखाली साठलेल्या मोकळ्या वायूमुळे. वायू नसेल तर प्रतिबिंब नाही, हायड्रेट मात्र वर मजेत असतं. सल्लागाराकडे मागायच्या गोष्टी: तळाचं मोजलेलं तापमान, भूतापाचा मोजलेला ग्रेडियंट, छिद्रांतल्या पाण्याची क्षारता, आणि यावरून काढलेला प्रत्येक १० मीटरचा शिल्लक अंशांचा तक्ता. या तक्त्याशिवाय बाकी सगळं चित्रकला आहे.

मग हायड्रेट किती, हा प्रश्न. रेझिस्टिव्हिटी (विद्युतरोध) लॉगवरून आर्चीच्या सूत्राने काढलेली टक्केवारी चिकणमातीत डोळे झाकून घेऊ नका. कृष्णा-गोदावरीच्या चिकणमातीत हायड्रेट छिद्रांत सारखं पसरलेलं नसून उभ्या-तिरप्या भेगांत शिरांसारखं असतं. उभ्या शिरांमुळे रेझिस्टिव्हिटी वाजवीपेक्षा जास्त दिसते. त्याच एनजीएचपी-०१-१० वर सूत्राने मोठे आकडे दिले, आणि दाब राखून काढलेल्या प्रेशर कोअरमध्ये प्रत्यक्षात वीसेक टक्केच निघाले. २०१५ च्या दुसऱ्या मोहिमेत वाळूतले साठे सापडले. तिथे सूत्र जास्त विश्वासाचं आहे, आणि निचराही बरा. पण वाळू हायड्रेटच्या सिमेंटिंगवरच उभी असेल, तर ते गेल्यावर ती ढासळते.

साधा कोअर डेकवर आला की काय दिसतं, ते माहीत असू द्या. सुरुवातीला राखाडी मातीत पांढऱ्या शिरा, कानाजवळ धरलं तर चुरचुर आवाज, लायनरला हात लावला तर काही जागी बर्फासारखा गारवा. याच गार पट्ट्या इन्फ्रारेड कॅमेऱ्याने लगेच नोंदवतात, कारण काही मिनिटांत त्या जातात. तासाभराने त्या जागी उरतं घट्ट पिठल्यासारखं काहीतरी. त्या पिठल्यावर ट्रायअॅक्सियल (सगळ्या बाजूंनी दाब देऊन घेतलेली ताकदीची चाचणी) करून काढलेली ताकद ना हायड्रेट असतानाची असते, ना जागेवर वितळल्यानंतरची. नमुन्याच्या हलवाहलवीत जे बिघडलं त्याची असते. जागेवरची ताकद हवी तर कोन किंवा टी-बार (मातीत ढकलून प्रतिकार मोजायची साधनं), सोबत छिद्रदाब आणि तापमानाचं प्रोब. कोनच्या आलेखात एकाएकी आलेल्या टोकदार उड्या खडे म्हणून पुसून टाकू नका. त्या शिरा असू शकतात. वितळल्यानंतरच्या ताकदीसाठी दाब आणि तापमान दोन्ही सांभाळणारं ट्रायअॅक्सियल लागतं. अशी कामं कुठे होतात हे विचारायला तुम्हाला लांब जायचं नाही: ओएनजीसीची आयईओटी (अभियांत्रिकी आणि सागरी तंत्रज्ञान संस्था) आणि गॅस हायड्रेटचं संशोधन केंद्र, दोन्ही पनवेललाच आहेत.

डिझाइनमध्ये निदान तीन अवस्था चालवा. एक, आजची माती, हायड्रेटसकट, आणि तीही हायड्रेटची जास्तीची ताकद न धरता. दोन, वितळलेला घेर पूर्ण, निचरा शून्य, त्या घेरात पकड शून्य. तीन, वायू निघून गेला, माती खचली, खालच्या दिशेची ओढ पूर्ण. बहुतेक ठिकाणी दुसरी अवस्था कंडक्टरचं भवितव्य ठरवते आणि तिसरी वेलहेडची पातळी. फ्लोलाइनचा जंपर तिसऱ्या अवस्थेचं खचणं पेलत नसेल, तर कंडक्टर कितीही भक्कम असून उपयोग नाही.

चालू विहिरीवर लक्ष ठेवायला फार महागडं काही लागत नाही. दर आरओव्ही (पाण्याखालचं दूरनियंत्रित यंत्र) फेरीत वेलहेडवरच्या बुल्सआयचा (कल दाखवणाऱ्या गोल पातळीमापकाचा) कोन आणि तळापासूनची उंची नोंदवा, त्याच जागेवरून, त्याच कॅमेऱ्याने. पाव अंशाचा कल एका फेरीत दिसला तर ती मोजणीतली चूक असेल, सलग तीन फेऱ्यांत एकाच बाजूला वाढला तर नाही. कंडक्टरच्या कडेने बुडबुडे दिसले तर कनेक्टरखाली पांढरा गाळ जमतोय का तेही बघा. तो थंड पाण्यात पुन्हा झालेला हायड्रेट असतो आणि गरजेच्या दिवशी कनेक्टर उघडू देत नाही. तिथे ग्लायकॉल सोडायची सोय आधीपासून हवी. बुडबुड्यांचा नमुना तपासताना एक सापळा आहे. समस्थानिकांवरून वायू जैविक निघाला की अनेकजण ‘हायड्रेटचाच, विहीर ठीक आहे’ असं लिहून मोकळे होतात. कृष्णा-गोदावरीच्या उथळ प्लायोसीन थरांतला उत्पादनाचा वायूही मुख्यतः जैविकच आहे. त्यामुळे तिथे एवढ्यावर विहिरीला क्लीन चिट देता येत नाही. अॅन्युलसमधले दाब आणि बुडबुड्यांची वेळ उत्पादनाच्या चालू-बंद नोंदींशी जुळवून पाहावी लागते.